तिरका दात

सकाळी साडेनऊ वाजता कारखान्यातलं सिंक तुंबलं, आणि तुंबलं ते प्लॅस्टरनं. दातांच्या कारखान्यात असं होणं म्हणजे पोहायला शिकवणाऱ्यानं बादलीत बुडण्यासारखं आहे. उरलेलं प्लॅस्टर सिंकमध्ये ओतायचं नाही, पिशवीत घट्ट होऊ द्यायचं आणि कचऱ्यात टाकायचं, हा इथला पहिल्या दिवशीचा पहिला धडा. आणि तो विसरलं कोण, तर अठरा वर्षं प्लॅस्टरच ओतत आलेला डोंगर!

डोंगर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण सहा फूट उंची, दारात उभा राहिला की खोलीत अंधार, आणि हात असे की चहाचा कप त्यात बाहुलीचा वाटावा, अशा माणसाला दुसरं काय म्हणणार? दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाची मापं यायची. त्यांत प्लॅस्टर ओतून जबड्याचा साचा काढणं हे त्याचं काम. साच्यावर मेणात एकेक दात बसवायचं काम मेणताईंचं. त्या मुलखाच्या अबोल. दिवसाला दहा वाक्यं बोलल्या तर त्यातली सहा दातांशीच. या सगळ्यांवर काका, म्हणजे मुख्य कारागीर. त्यांची निवृत्ती चार वर्षांवर आली होती आणि ती येऊच नये म्हणून ते रोज अर्धा तास आधी कामावर यायचे.

आणि शेवटच्या टेबलावर पॉलिशवाली. तयार झालेली कवळी फिरत्या ब्रशावर धरून ती इतकी गुळगुळीत करायची की जिभेला कळूही नये. तिला सगळे 'तोफ' म्हणत, अगदी तोंडावर, आणि तिला त्याचा राग नव्हता, उलट अभिमानच होता. कवळीवर ओरखडा दिसला की तोफ धडाडायची. कोणी कप न विसळता ठेवला तरी धडाडायची. कारखान्यात नवीन आलेला माणूस पहिल्या आठवड्यात घाबरायचा आणि दुसऱ्या आठवड्यात तिच्याच डब्यातलं खायचा.

पण गेले पाच आठवडे तोफ थंड होती. सिंकमधलं घाण पाणी जमिनीवर आलं, जेवणाच्या कोपऱ्यातल्या खुर्च्यांचे पाय भिजले, तरी ती तोंडावरचा मास्क न काढता एवढंच म्हणाली, "अक्कल कुठं गहाण ठेवलीस?"

"चुकलं गं," डोंगर म्हणाला. एवढी बोलणी खाऊन त्याचा चेहरा पडायला हवा होता, पण तो चक्क खुलला होता. तिला ते विचित्र वाटलं. पण मशीन चालू होतं, तिनं पुढची कवळी उचलली.

काकांनी पाणी पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि जाहीर केलं, "आज इथं जेवता येणार नाही. खालच्या गल्लीत, जिथं आधी चपलांचं दुकान होतं ना, तिथं इटालियन हॉटेल निघालंय. दुपारचं ताट अगदी स्वस्त आहे. सगळ्यांनी जायचं, माझ्याकडून."

तोफेनं मास्क नाकावर आणखी वर ओढला.

"मला चालायला जायचंय," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"गल्लीपर्यंत चालतच जायचंय, पोरी. तुला काय मी पालखीत नेणार आहे?"

यावर मेणताई हसल्या. आता नाही म्हणायला तोंडच उरलं नाही.

गोष्ट अशी होती. पाच आठवडेच काय, त्याच्याही आधीचे, सुट्टीतले शेवटचे दोन आठवडे धरले तर सात आठवडे, तोफेच्या तोंडात वरचे सगळे दात खोटे होते. तिच्या हिरड्यांनी दगा दिला होता. वडिलांच्याही पन्नाशीच्या आतच दिला होता. ते शेवटपर्यंत हसताना तोंडावर हात धरत, इतके की लहानपणी तिला वाटायचं, मोठी माणसं अशीच हसतात. तिनं पुष्कळ औषधं केली, गुळण्या केल्या, दात घासून घासून ब्रश झिजवले. शेवटी डॉक्टर म्हणाले, हलणारे दात ठेवण्यात अर्थ नाही.

जगात हजारो लोकांना कवळी असते, त्यात लाजायचं काय, हे ती स्वतः दहा जणांना सांगून चुकली होती. पण आपल्यावर वेळ आली तेव्हा कळलं की सांगणं सोपं असतं. दुसऱ्यांच्या कवळ्या चमकवणाऱ्या बाईच्या तोंडात वरचा एक दात नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शिवाय कारखान्यातली माणसं ही साधी माणसं नव्हेत. ती समोरच्याच्या डोळ्यांत बघतच नाहीत, दातांत बघतात. बसमध्ये कोणी जांभई दिली तरी डोंगर कुजबुजतो, "वरची डावी दाढ, धातूची." त्यांच्यापुढे घास चावायचा म्हणजे परीक्षकांसमोर बसून परीक्षा द्यायची. पॉलिशवाली म्हणून तिचा जो दरारा होता, तो एका घासात जाणार होता.

म्हणून तिनं गावाच्या दुसऱ्या टोकाचा डॉक्टर गाठला. त्याचं काम दुसऱ्याच कारखान्यात जातं, हे तिनं आधी विचारून घेतलं. माप दिलं आणि दुसऱ्याच दिवसापासून रजा टाकली. बहिणीकडे जाते असं सांगितलं आणि बहिणीकडेच गेली, म्हणजे खोटंही पडलं नाही. दात काढले त्याच दिवशी तयार कवळी तोंडात बसली. परत आली ती मास्क लावून. पॉलिशची धूळ उडते, मास्क लागतोच, कोणाला संशय यायचं कारण नव्हतं. नव्या कवळीमुळे काही अक्षरांना बारीक शिट्टी वाजायची, म्हणून बोलणं कमी केलं. आणि जेवणाच्या सुट्टीत 'चालायला' म्हणून बाहेर पडायची ती इमारतीच्या मागच्या जिन्यात, पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर बसायची. डब्यातलं कुस्करलेलं केळं आणि दुधात भिजवलेला ब्रेड खायची. खालून तिघांच्या हसण्याचा आवाज यायचा. अठरा वर्षं ती त्या हसण्याच्या मधोमध बसली होती. पाच आठवडे तिनं ते जिन्यातून ऐकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती झाकून ठेवताना हात किती दुखतो, हे म्हणीत कोणी सांगितलेलं नाही.

हॉटेल लहानसंच होतं. भिंतीवर चपलांचे जुने लाकडी कप्पे तसेच ठेवले होते आणि त्यांत आता टोमॅटोचे डबे, पास्त्याची पाकिटं आणि तेलाच्या बाटल्या मांडल्या होत्या. आठ टेबलं, कागदी टेबलक्लॉथ, प्रत्येक टेबलावर पाण्याचा तांब्यासारखा काचेचा जग. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: सूप, ब्रेड, पास्ता आणि गोड. खाली किंमत. ती वाचून तोफेला आधी संशयच आला. इतकं स्वस्त म्हणजे नक्की कालचं उरलेलं असणार.

वाढायला मालकीणबाई होत्या, आत स्वयंपाक करत होता त्यांचा नवरा. बाई हसून "या, बसा" म्हणाल्या. त्या हसण्याबरोबर कारखान्याच्या चारही माणसांची नजर एकदम त्यांच्या दातांवर गेली. बाई गोंधळून ओठ पुसत आत गेल्या.

"चांगलं काम आहे," डोंगर हळूच म्हणाला. "पुढचा एक पोर्सेलीनचा."

"गप रे," तोफ म्हणाली, आणि तिच्या मानेवर घाम आला. आता पाळी आपली.

तिनं मुद्दाम भिंतीकडची, उजेड पाठीमागे राहील अशी खुर्ची धरली. मास्क काढून पर्समध्ये ठेवला. डोळे खाली, ओठ मिटलेले. समोर मेणताई बसल्या. दात केसभर तिरका बसला तरी ज्यांना कळतं, त्या मेणताई! चोराच्या मनात चांदणं. मेणताईंनी नुसती मान वर केली तरी तोफेला वाटे, बघितलं.

सूप आलं. टोमॅटोचं, गरम, वर हिरवं पान. सुपाला दात लागत नाहीत, सूप पार पडलं. मग ब्रेडची टोपली आली. इटालियन ब्रेड म्हणजे बाहेरून कडक, तोडताना दात ओठ खायला लावणारा, हे तिला माहीत होतं. टोपलीतले तुकडे पाहून मात्र ती चक्रावली. सगळ्या तुकड्यांच्या कडा कापलेल्या होत्या. नुसता पांढरा, मऊ गाभा, कापसासारखा.

'बघ,' ती मनात म्हणाली, 'स्वस्तातलं असं असतं. कडा दुसऱ्याला विकल्या असतील.' पण हात पुढे गेला. तुकडा सुपाच्या तळाशी पुसला, तोंडात टाकला, दोन्ही बाजूंनी सारखा चावला. कवळी हलली नाही. दुखलं नाही. कोणी बघितलं नाही. डोंगर स्वतःच्या वाटीत नाक घालून बसला होता, काका फळा वाचत होते, आणि मेणताई काचेच्या जगमधलं पाणी मोजून पेल्यात ओतत होत्या.

मग पास्ता. लहान नळ्या, वर लाल रस्सा, त्यावर विरघळलेलं चीज. तिनं एक नळी काट्यानं दाबून पाहिली. लगेच दबली. अगदी मऊ. तोंडात घातली तर दाढेपर्यंत पोचायच्या आत अर्धी विरली. पाच आठवड्यांत तिनं दुपारचा एक गरम घास नीट खाल्ला नव्हता.

ती जेवली. खरंच जेवली. काकांनी निवृत्तीनंतर मधमाश्या पाळायचं ठरवलंय हे ऐकलं. डोंगरानं बायकोच्या वाढदिवशी केक आणताना त्यावर बसून कसा चपटा केला ते ऐकलं. ऐकताना हसू आलं, आणि डावा हात आपोआप तोंडावर गेला. थेट वडिलांसारखा. तो हात तिथं पाहून तिला स्वतःचाच राग आला. पण तिनं तो काढला नाही.

ताटं जवळजवळ रिकामी झाली तेव्हा आतून मालक बाहेर आला. लहानखुरा माणूस, एप्रनवर टोमॅटोचे डाग, चेहऱ्यावर अपमान. तो सरळ काकांसमोर येऊन उभा राहिला.

"झालं तुमचं समाधान?"

"उत्तम, उत्तम," काका घाईनं म्हणाले, आणि टेबलाखालून हातानं 'जा, जा' अशी खूण करायला लागले. ती खूण मालक सोडून सगळ्यांना दिसली.

"बावीस वर्षं पास्ता करतोय," मालक म्हणाला. "पास्ता चावावा लागतो. चावला नाही तर तो पास्ता नव्हे, लापशी. माझ्या हातून असा गिचका पास्ता आजवर बाहेर गेला नाही. आणि ब्रेडच्या कडा! कडा हाच ब्रेड असतो, साहेब. पण काल तुम्ही दोन तास बसून एकेक पदार्थ असा दाढेनं सावकाश चावून दाखवलात, इतकं कळवळून सांगितलंत, म्हणून केलं. म्हटलं, नवी कवळी बसवलेलं माणूस घेऊन येताय तर... कोण ते? त्यांना तरी आवडलं का?"

मालकीणबाईंनी आतून जीभ चावली. डोंगर छताकडे बघत होता. छतावर काही नव्हतं.

तोफेच्या तोंडचं पाणी पळालं. मग कानशिलं तापली. तिनं काटा ताटात ठेवला, तो सरळ राहीना म्हणून पुन्हा ठेवला.

"कोणी सांगितलं?" ती म्हणाली. शिट्टी वाजली. वाजू दे. "माझ्या नवऱ्यानं?"

"नाही गं," काका म्हणाले. "त्या बिचाऱ्याला कशाला? कोणी सांगायला नको होतं. तुझी केस आपल्याकडेच आली होती."

"आपल्याकडे कशी येईल? त्या डॉक्टरचं काम..."

"त्याच्या नेहमीच्या कारखान्याची भट्टी बिघडली होती. चार दिवसांसाठी काम आपल्याकडे. डब्यावर नाव नाही, नंबर. दोनशे सतरा. बाई, वय सत्तेचाळीस. दात काढायची तारीख ठरलेली, शनिवारी कवळी हवीच. तू रजेवर."

"मग नुसत्या नंबरावरून कळलं तुम्हाला?"

आता डोंगर छतावरून खाली आला. "मी प्लॅस्टर ओतलं," तो म्हणाला. "सुकल्यावर माप काढलं आणि साचा हातात घेतला. अठरा वर्षं तुझी बोलणी खातोय. ते तोंड मी ओळखणार नाही?"

तो पुढं म्हणाला, "त्या साच्यावरचे दात कापायचे असतात ना, कवळी बसवायला. मला जमेना. बारकी करवत हातात घेऊन बसलो नुसता. शेवटी काकांनी कापले."

काका पाण्याच्या जगकडे बघत म्हणाले, "कोणीतरी कापायलाच हवे होते."

तोफेनं डोळे मिटले. सात आठवडे तिनं जपलेलं गुपित या तिघांना तिच्याही आधी माहीत होतं. तिचे खरे दात तिच्या तोंडात होते, तेव्हाच यांच्या टेबलावर ते प्लॅस्टरमध्ये कापून पडले होते. आणि ती जिन्यात बसून केळं कुस्करत होती! हसावं की रडावं ते कळेना. राग मात्र आला, मोठा आला.

"आणि पाच आठवडे मला तसंच राहू दिलंत? जिन्यात?"

"आम्हाला जिना कुठं माहीत होता?" काका म्हणाले. "आम्हाला वाटलं, खरंच चालायला जातेस. परवा मेणताई टाकीचा कॉक बंद करायला गेल्या, तेव्हा त्यांनी तुला पाहिलं. त्या खाली आल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. मग ठरवलं. आता सरळ सांगावं तर तू लपवतेयस. लपवतेयस म्हणजे सांगायचं नाहीये. आपलेच दात, आपलेच ओठ. म्हटलं, निदान एक दिवस गरम जेवू दे हिला आपल्यात. कळू न देता. पण या गृहस्थांनी..."

मालक अजून तिथंच उभा होता. अपमान चेहऱ्यावरून उतरला होता, आणि आता त्या जागी काय ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं. तो गुपचूप आत गेला.

"म्हणजे सिंक..." तोफ डोंगराकडे वळली.

"दोन किलो ओतलं," डोंगर कबूल झाला. "लवकर तुंबेचना. तू शिव्या दिल्यास तेव्हा इतकं बरं वाटलं ना! वाटलं, आहे, आत तोफ आहे अजून."

तोफ हसली. हात पुन्हा तोंडाकडे निघाला होता. तेवढ्यात मेणताई बोलल्या, आणि मेणताई बोलल्या की सगळे थांबतात.

"हात नको धरूस. मला बघू दे."

हात वाटेतच थांबला.

"चिठ्ठीवर लिहिलं होतं," मेणताई म्हणाल्या, "पेशंटची इच्छा, दात सरळ आणि एकसारखे लावावेत. म्हणजे तूच सांगितलं होतंस."

सांगितलं होतं खरं. वरच्या ओळीत, पुढच्या दातांच्या डाव्या बाजूला, सुळ्याच्या शेजारचा एक दात जन्मभर तिरका होता, शेजारच्यावर रेललेला. शाळेत त्यावरून चिडवलं होतं, लग्नाच्या फोटोत तिनं तो दिसू नये म्हणून ओठ मिटले होते. म्हटलं, आता नवेच दात घ्यायचेत तर निदान सरळ तरी घेऊ. पण दात काढून, कवळी बसवून डॉक्टरांनी आरसा हातात दिला, तर आत तोच तिरका दात! जसाच्या तसा. तिला रडू कोसळलं होतं. डॉक्टर बिचारे म्हणाले, कारखान्याची चूक, परत पाठवतो. ती म्हणाली होती, राहू द्या. का म्हणाली ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. आरशात ती स्वतः होती, एवढंच तिला कळलं होतं. घरी नवरा म्हणाला होता, "मला तर काहीच फरक दिसत नाही." ती समजली, मन राखायला म्हणतोय. पण तो खरंच बोलला होता. आणि त्या रात्री झोपताना तिनं कुठल्यातरी अनोळखी, धांदरट कारागिराचे मनोमन आभार मानले होते.

"मी लावले होते सरळ," मेणताई म्हणत होत्या. "छान आले होते. मेणात बसवून आम्ही टेबलावर ठेवले आणि तिघं बघत बसलो. फार देखणे होते. पण कोणीतरी परकी बाई तुझ्या खुर्चीत येऊन बसल्यासारखं वाटलं. मी तीनदा उठले, तीनदा बसले. मग तो एक काढला आणि तिरका लावला. साच्यावर बघून नाही. साचा तोवर कापला होता. आठवून लावला."

आयुष्यात मेणताई एका दमात एवढं कधी बोलल्या नव्हत्या. बोलून त्यांनाच धाप लागली.

"डॉक्टरचा फोन आला होता," काका म्हणाले. "चिठ्ठी वाचता येत नाही का म्हणून. म्हटलं, चूक झाली, साहेब. चाळीस वर्षांत पहिल्यांदा चिठ्ठीविरुद्ध काम केलं. तुला सरळच हवा असेल तर अजून बदलून देतो. तुझं तोंड आहे, आमचं नाही."

तोफेचे डोळे वाहायला लागले. कारखान्याच्या इतिहासात हे प्रथमच घडलं. ते तिनं कागदी टेबलक्लॉथच्या टोकाला पुसले, आणि ते टोक फाटलं. माणसाला आईवडील मिळतात, भावंडं मिळतात, ती नशिबानं मिळतात. पण पगारासाठी एका खोलीत बसवलेली तीन माणसं आपला तिरका दात आठवणीत जपून ठेवतील, हे कोणत्या नेमणूकपत्रात लिहिलेलं असतं? तिला इतकं कृतज्ञ वाटलं की ते अंगात मावेना.

"बदलायचा नाही," ती शेवटी म्हणाली. "खबरदार कोणी हात लावलात तर."

मालकीणबाई गोड घेऊन आल्या. कॉफीत भिजलेल्या केकवर मऊ साय आणि कोकोची भुकटी. तोफेपुढे दुप्पट मोठा तुकडा होता. मागून मालक म्हणाला, "याला दात लागतच नाहीत, बाई. आणि हे मी कोणाच्या सांगण्यावरून मऊ केलेलं नाही. हे मुळातच असं असतं."

"पास्ता फार चांगला होता," तोफ त्याला म्हणाली. "पुढच्या महिन्यात येईन, तेव्हा तुमच्या पद्धतीनं करा. कडांसकट."

मालक पहिल्यांदा हसला. चौघांनीही त्याच्या दातांकडे बघितलं. त्याला खालची एक दाढ नव्हती. काकांनी खिशातून एका चांगल्या डॉक्टरचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

कारखान्यात परत आले तेव्हा प्लंबर येऊन गेला होता. जमीन अजून ओली होती. सगळे आपापल्या टेबलांवर बसले. तोफेनं मशीनचं बटण दाबलं, ब्रश फिरायला लागला, आणि तिनं ते बंद केलं.

"एक राहिलंच," ती म्हणाली. "त्या आठवड्यात मी रजेवर. बाकीचं पॉलिश बाहेर पाठवलं असणार. माझं पण?"

"छे! ते कसं बाहेर पाठवणार?" काका म्हणाले.

"मग केलं कोणी?"

डोंगर प्लॅस्टरच्या गोणीमागे काहीतरी शोधायला लागला. त्या गोणीमागे तो मावत नव्हता.

"तू?"

"माझे हात जाड आहेत," डोंगर म्हणाला. "दोन दिवस लागले. आधी जुन्या कवळ्यांवर शिकलो."

सात आठवडे तोफेची जीभ रोज त्या कवळीच्या आतल्या बाजूला, मागच्या डाव्या दाढेजवळ जात होती. तिथं थोडं खरखरीत राहिलं होतं. रोज सकाळी ती त्या अज्ञात पॉलिशवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. कोण हा गाढव? कोणी याला ब्रश हातात दिला? घरी घासून काढायची इच्छा व्हायची, पण घरी मशीन नव्हतं, आणि कारखान्यात तोंडातून कवळी काढणं म्हणजे... ते तर मेलं तरी शक्य नव्हतं.

ती उठली. बेसिनपाशी गेली, त्यांच्याकडे पाठ करून. मग थांबली, आणि वळली. दुपारचा उजेड खिडकीतून सरळ तिच्या तोंडावर पडत होता. तिनं मास्क खाली केला, अंगठा वर लावला, आणि तिघांच्या देखत कवळी काढली. नळाखाली धुतली. वरचा ओठ आत गेला, गाल बसले, चेहरा एकदम म्हाताऱ्या वडिलांसारखा झाला. तिला ते माहीत होतं. तिनं हात वर नेला नाही.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. दातांकडे बघायची जन्माची सवय असलेली ती माणसं आज पहिल्यांदाच कोणाच्यातरी डोळ्यांत बघत होती.

ओली कवळी तिनं आपल्या टेबलावर, ब्रशाशेजारी, रुमालावर ठेवली. तिरका दात वरच्या बाजूला.

"ये इकडे," ती डोंगराला म्हणाली. शब्दांतून हवा सुटत होती, अर्धी अक्षरं ओळखूही येत नव्हती, पण धार पूर्वीचीच होती. "खुर्ची ओढ. ही बघ, इथं, डाव्या दाढेच्या मागं बोट फिरव. लागतंय खरखरीत? याला पॉलिश म्हणतात? रस्ता बरा असतो याच्यापेक्षा! धर ब्रश. असा नाही. असा."

डोंगर खुर्ची ओढून बसला. त्याच्या जाड बोटांवर तिनं आपली बोटं ठेवली आणि मशीन चालू केलं. मेणताई मेण वितळवायला लागल्या, काकांनी पुढचा डबा उघडून त्यातली चिठ्ठी वाचली. तोफ तास-दीड तास बोलत राहिली, बिनदातांची, न थांबता, आणि कोणी तिला एकदाही गप्प बस म्हणालं नाही.